मापं माझी, सही साहेबांची

"हा कोट घाला. आणि हे फडकं हातात ठेवा."

आमच्या क्वालिटी विभागाच्या साहेबांनी निळा कोट माझ्यापुढं धरला. हाऊसकीपिंगचा. पाठीवर सफाईच्या ठेकेदाराचं नाव, एक बाही कोपराशी उसवलेली, फिनाइलचा वास. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. वाटलं, थट्टा करतायत.

"अहो बाई, बघताय काय? ऑडिटर गेटवर आलाय."

बाई. याच माणसानं सोळा वर्षं मला मॅडम म्हटलं होतं. कायम होते तोवर मॅडम होते.

मी कोट घातला. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते खरं. एका शब्दानं विरोध केला नाही. वरचं बटण तुटलेलं होतं, तर मी पिन शोधून लावली. बरं दिसावं म्हणून.

माझं काम काय ते आधी सांगते. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. भाग बरोबर मापाचा झाला की नाही ते बघायला गेज असतात. आता हे गेजही वापरून वापरून झिजतात. मग गेज बरोबर आहे की नाही, हे कोण बघणार? ते मी बघायची. एक बंद, गार खोली. बारा महिने एकच तापमान. बाहेर चिकलठाण्याचं ऊन चामडी सोलत असायचं, मी आत स्वेटर घालून बसायची. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक माझ्या बोटांना कळायचा. माप घ्यायचं, रिपोर्टवर आकडा लिहायचा, खाली सही करायची. माझी सही झाल्याशिवाय गेज लाइनवर जात नसे. एकदा मालकाच्या जावयानं घाई केली, तेव्हाही गेला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी एचआरनं बोलावलं. चहा मागवला. कायम कामगाराला चहा मागवतात तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

"मॅडम, नोकरी काय, कोणीही करतं. तुम्ही मालक व्हा. स्वतःची फर्म काढा. काम आम्हीच देणार, दुसरं कोण देणार?"

मी राजीनाम्यावर सही केली. त्यांनी बुके दिला, फोटो काढला. मी मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत पेढे वाटले. हो, पेढे. औरंगपुऱ्यात जाऊन व्हिजिटिंग कार्डं छापून आणली, वर माझं पूर्ण नाव, खाली प्रोप्रायटर. आईला दाखवलं. आईला वाचता येत नाही. तिनं जन्मभर महापालिकेचे रस्ते झाडले, पेन्शनीत निघाली. कार्डावरून बोट फिरवत म्हणाली, "म्हंजी कायम हाय का नाय?"

मी हसले. म्हटलं, "तुला नाही कळायचं, आई."

पहिल्या सोमवारी मालकीण होऊन गेले. तीच खोली, तेच टेबल, तेच गेज. फक्त गेटवर कार्ड पंच करायच्या ऐवजी वहीत नाव लिहायचं, आणि कुणाला भेटायचं या रकान्यात साहेबांचं नाव टाकायचं. दिवसभर मापं घेतली. संध्याकाळी सही करायला पेन काढलं, तर साहेबांनी रिपोर्ट ओढून घेतला आणि स्वतः सही केली.

"लॅब आपली आणि माणूसही आपलाच, असं आपण कस्टमरला कळवलेलं आहे. बाहेरचं नाव दिसायला नको. कागदाची बाब आहे हो. तुम्ही तर घरच्याच."

मी मान डोलावली. सहा महिने तसंच चाललं. आणि मग कस्टमरकडचा ऑडिटर आला, आणि घरच्या माणसाच्या अंगावर तो निळा कोट चढला.

ऑडिटर पुण्याचा होता. बारीक चष्मा, मऊ आवाज. फायली बघत होता. मी भिंतीला लागून उभी, कपाटाची काच पुसत. आधीच लख्ख असलेली काच. ती रोज सकाळी मीच पुसायची, पण तेव्हा अंगात हा कोट नसायचा.

"गेज शॉपमधून आणल्यावर तपासायच्या आधी किती वेळ या खोलीत ठेवता?"

साधा प्रश्न. गरम लोखंड फुगलेलं असतं, ते खोलीइतकं गार झाल्याशिवाय माप खरं येत नाही. माझ्या खोलीत हे पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं. साहेबांना माहीत नव्हतं. ते फाइल चाळायला लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं.

मी फडक्याच्या आडून चार बोटं दाखवली.

"चार तास," साहेब म्हणाले. ऑडिटरनं बरोबरची खूण केली.

मी का दाखवली बोटं? कितीदा विचारलंय स्वतःला. भीतीनं नाही. खोली माझी होती म्हणून. माझ्या खोलीबद्दल कुणी चुकीचं लिहावं, हे मला सोसलं नसतं. माझ्यातला हा चांगुलपणाच त्यांनी वापरून घेतला.

ऑडिटर गेल्यावर वाटलं, आता तरी साहेब काही बोलतील. बोलले.

"बोटं कशाला दाखवलीत? त्याला दिसलं असतं म्हणजे? पुन्हा असा शहाणपणा करू नका."

खाली आले तर गेटबाहेर शांताबाई उभी. हाऊसकीपिंगची. कोट तिचा होता. मी ओळखू येऊ नये म्हणून मला तिच्या कोटात घातलं, आणि कोट एकच म्हणून तिला सकाळी गेटवरूनच परत धाडलेलं. घरी जाऊन ती पुन्हा आली होती, कोटासाठी.

"धुवून दे, ताई," ती म्हणाली. "तुझ्यापायी माझा आज खाडा पडला."

"शांताबाई, मला जबरदस्तीनं..."

"मला नको सांगू. तुला तो घालायची लाज वाटली का नाय? मला नाय वाटत. माझं काम हाय ते, मी रोज करते. तू माझा कोट घालून माझीच रोजी खाल्ली."

  कोट घरी नेऊन दोनदा धुतला, बाही शिवली. आई बघत होती. 

त्या आठवड्यात मला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिनं माझी झोप उडवली. डिझाइनच्या एका मॅडमनाही माझ्यासारखंच फर्म काढायला लावलं होतं. कायमच्या होत्या, आता कंत्राटी. ऑडिटच्या दिवशी त्यांनाही लपवायचं होतं. त्यांना कुठं लपवलं? कॉन्फरन्स रूममध्ये. एसीत. टेबलावर पाण्याची बाटली आणि पाटी, कन्सल्टंट. त्यांचं आडनाव साहेबांच्या नात्यागोत्यात बसणारं. माझं आडनाव ऐकलं की लोक पुढं विचारतात, गाव कोणतं, आणि गावात घर कुठल्या बाजूला.

लपवायचं दोघींना होतं. कपाटात लॅबचे तीन पांढरे कोट टांगलेले होते. व्हिजिटरचं जॅकेट होतं. साहेबांचा हात नेमका त्या निळ्या कोटाकडंच का गेला? त्यांना विचार करावा लागला नव्हता. हीच गोष्ट मला जाळत होती. सोळा वर्षं मी त्यांच्यासमोर मापं घेतली, आणि त्यांच्या डोळ्यांना मी कायम त्याच कोटात दिसत होते. नोकरी कायम होती तोवर त्यावर झाकण होतं, एवढंच.

तरी मी गेले. दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर चालवायचं होतं. पण आता बाहेर काम शोधायला लागले. चिकलठाण्यातच एक छोटा वर्कशॉपवाला होता, भला माणूस. त्यानं कार्ड उलटसुलट बघितलं.

"ताई, काम लई हाय माझ्याकडं. पण तुमच्या सहीचा एखादा रिपोर्ट आणा ना. फर्म काढल्यानंतरचा. मी पुढं कुणाला काय दाखवू?"

माझ्याकडं नव्हता. फर्म काढल्यापासून हजारांनी रिपोर्ट केले होते, एकावरही माझं नाव नव्हतं. मला बाहेर काढताना म्हणाले, मालक व्हा. आणि मालक व्हायला लागतं ते सगळं स्वतःकडं ठेवून घेतलं. साहेबांकडं गेले. म्हटलं, एक पत्र द्या, की हे काम मी करते.

साहेब हसले. "असं पत्र दिलं तर आम्हीच अडकू. आणि बाहेर कशाला हिंडताय? आम्ही आहोत ना."

त्या दिवशी मला पुरतं कळलं. मी कंत्राटदार नव्हतेच. माझं पाऊल दाराबाहेर पडू नये, अशी सोय करून मला बाहेर काढलेलं होतं. आईनं रस्ते झाडले, पण हजेरीवर अंगठा तिचा होता. तिनं झाडलेल्या रस्त्यावर दुसऱ्या कुणी अंगठा मारला नाही. आणि मी, शिकलेली, तिला म्हणाले होते, तुला नाही कळायचं.

वर्षभरानं ऑडिट पुन्हा आलं. सकाळी साहेब कोट घेऊन हजर. या वेळी नवा, घडी न मोडलेला. म्हणाले, "बघा, तुमच्यासाठी वेगळा मागवलाय."

"मी घालणार नाही."

"मग आज घरी जा."

"घरीही जाणार नाही. गेज लावलाय, माप अर्धं झालंय."

ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं. तोच ऑडिटर. तोच चष्मा. त्यानं माझ्याकडं बघितलं, थोडं आठवल्यासारखं केलं.

"तुम्ही मागच्या वेळी... सफाईला होतात ना?"

साहेबांनी तोंड उघडलं. मी थांबले नाही.

"नाही. या खोलीतला प्रत्येक गेज मी तपासते. सतरा वर्षं झाली. मागच्या वेळी मला सफाईचा कोट घालून इथं उभं केलं होतं. तुमच्या हातातल्या फायलीत मापं माझी आहेत आणि सह्या साहेबांच्या."

 

ऑडिटरनं फाइल मिटली. मग खुर्चीवर बसला, पेन काढलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. दीड वर्षात त्या खोलीतल्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं, तेही कंपनीच्या दोषांच्या यादीत.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझ्या नावापुढं काट मारलेली होती. साहेब खाली आले नाहीत, फोनवर बोलले. "तुम्हाला घरचं समजलो होतो." बस्स, एवढंच.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही झालं. ही गोष्ट एमआयडीसीभर फिरली, आणि माझ्याआधी पोहोचली. मी कुठं गेले की लोक म्हणायचे, ऑडिटरसमोर बोलल्या त्या तुम्हीच का? पुढं काम निघायचं नाही. चिकलठाण्याचा तो भला वर्कशॉपवालाही म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. पण मला त्याच कंपनीचं काम लागतं." त्याच्यावर राग नाही म्हणणार होते. पण आहे. त्याच्यावरही आहे.

मुकुंदवाडीत घराची पुढची खोली बंद करून एसी बसवला. हप्त्यानं. बिडकीनहून एक जण तीन गेज घेऊन आला, मग त्याच्या ओळखीचा एक. लॅबच्या मान्यतेसाठी अर्ज केलाय. तपासणी कडक असते म्हणतात. असू दे, मी कडक तपासणी करूनच जगलेय.

परवा साहेबांचा फोन आला. आवाज गोड. गेज आता पुण्याला पाठवतात, यायला उशीर होतो, लाइन थांबते.

"मॅडम, तुम्ही घरीच तपासून द्या. कोट नाही, काही नाही. फक्त रिपोर्टवर सहीची जागा कोरी ठेवा."

मॅडम. पुन्हा मॅडम. खोटं कशाला बोलू, क्षणभर मन हललं. त्यांच्या एका महिन्याच्या कामात माझं वर्ष निघालं असतं. आई पलंगावरून बघत होती.

"गेज पाठवा," मी म्हटलं. "रिपोर्ट माझ्या लेटरहेडवर, माझ्या सहीनं येईल. आधी कस्टमरला लेखी कळवा, की हे काम बाहेर कुणाकडं जातं. पूर्ण नाव लिहून."

"ते शक्य नाही हो, बाई."

लगेच बाई. मी फोन ठेवला.

काम कमी आहे. उद्याही कमीच असेल, कदाचित परवा आणखी कमी. तरी माझे हात आणि माझे डोळे आता सुटे मिळणार नाहीत, तुम्हाला नाही, दुसऱ्या कुणालाही नाही. नावासकट न्यायचे असतील तर या. नाहीतर साहेब, मायक्रोमीटर स्वतः धरायला शिका.