अक्काचा हिवाळा आणि अकरा डबे

धारवाडची थंडी तशी काही जीवघेणी नाही. सकाळी नऊपर्यंत वारा कानात शिरतो आणि मग ऊन असं पडतं, की स्वेटर काढून हातात धरायची वेळ येते. तरी त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीनं, आमच्या अक्कानं, हिवाळा लागताच अंथरूण धरलं आणि सगळा दोष मी थंडीला देऊन टाकला. मला एकदा काही वाटलं की मी ते लगेच कागदावर उतरवतो. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या त्याचा हा परिणाम आहे, असं माझी बायको म्हणते.

आषाढात अक्काचे यजमान गेले. आजारपण लांबलं होतं, त्यामुळं पावसाळाभर ती धीरानं वागली. माणसं येत-जात होती. दिवाळी झाली, माणसं आपापल्या कामाला लागली आणि अक्का बसली. बसली म्हणजे अगदी बसलीच. धारवाडच्याच केलगेरीतल्या तिच्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकी लावून, शाल गुंडाळून, सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत. जेवण म्हणजे दोन घास. काही विचारावं तर एकच उत्तर, "राहू दे की तम्मा." धाकट्या भावाला कानडीतलं 'तम्मा' म्हणायची आमच्याकडं रीत आहे. मी पासष्टीला आलो तरी तम्माच.

तिचा मुलगा पुण्यात. चौतिशीचा, लग्न झालेलं नाही, फ्लॅटमध्ये बसूनच कॉम्प्युटरवर काम करतो. आईला रोज फोन करायचा आणि रोज 'होय' आणि 'नाही' एवढंच ऐकायचा. डिसेंबर उजाडल्यावर त्यानं मला फोन केला. "मामा, संक्रांतीपर्यंत बघतो. आई अशीच राहिली तर घर बंद करून तिला इकडं आणतो. कायमची."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण त्याच्या सातव्या मजल्यावर राहायला जायचं अक्काच्या मनात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नको म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं, हेही दिसत होतं. आणि माझा स्वार्थ सांगायचा तर, आईवडील गेले, मधला भाऊ गेला. अक्का पुण्याला गेली असती तर माझं लहानपण पाहिलेलं गावात कुणी राहिलं नसतं. हातात पाच-सहा आठवडे होते.

मी नवी फाइल उघडली. मोबाइलवर बघून, चार ओळखीच्यांना विचारून आराखडा तयार केला. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास. आठवड्यातून दोनदा तिळाच्या तेलाचं अभ्यंग. आलं-गवती चहाचा काढा. केलगेरीच्या तळ्यापर्यंत पायी फेरी. बाजरीची भाकरी, वर लोणी. दुपारची झोप बंद. सुभाष रोडवरून घाण्याचं तेल आणलं आणि सप्तापुरातल्या माझ्या घरून रोज सकाळी सात वाजता स्कूटर काढून मी केलगेरीला हजर होऊ लागलो.

पहिल्या दिवशी खुर्ची गच्चीवर नेली. अक्का पाच मिनिटांत खाली आली, म्हणे ऊन डोळ्यावर येतंय. तेलाची बाटली बघून म्हणाली, "मी काय बाळंतीण आहे?" काढा ती माझ्यासमोर हातात घ्यायची आणि मी वळलो की तुळशीच्या कुंडीत ओतायची. हे मला आठ दिवसांनी कळलं. फेरीचं तर विचारूच नका. फाटकापर्यंत यायची, रस्त्याकडं बघायची आणि मागं फिरायची. एक दिवस गुडघा. एक दिवस वारा. एक दिवस म्हणाली, रस्त्यात कुत्री आहेत. तीच कुत्री, ज्यांना ती वीस वर्षं शिळी भाकरी घालत आली होती.

माझा स्वभाव तापट. त्या दिवशी मी फाटकातच आवाज चढवला. "अगं, तुझ्यासाठीच मरमर करतोय ना मी? पुण्याला जाऊन बसायचंय का खुराड्यात?" ती फक्त म्हणाली, "साकु की रे आता." साकु म्हणजे पुरे. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आराखड्यातलं एकही कलम न काढता नुसता चहा पिऊन आलो.

त्यानंतर चार दिवसांनी बायकोला डिंकाचे लाडू करायचे होते आणि मोठा स्टीलचा डबा सापडेना. "वन्संकडं दिवाळीचा फराळ पाठवला होता त्यातून. येताना घेऊन या," ती म्हणाली. मी अक्काच्या स्वयंपाकघरात गेलो आणि फळीकडं बघत राहिलो. एका रांगेत अकरा डबे. घासलेले, पुसलेले, झाकणं घट्ट लावलेली, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा. आमचा डबा तिसरा होता. मी तो काढला.

झाकण वाजलं मात्र, आणि सकाळपासून न उठलेली अक्का शाल सांभाळत दारात उभी. "ठेव तो. रिकामा न्यायचा नाही."

आता हे सांगायला हवं. आमच्यात कुणाच्या घरून काही आलं तर तो डबा मोकळा परत करत नाहीत. काही नाही तर मूठभर साखर तरी घालतात. आणि दुसरं म्हणजे, घरात कुणी गेलं की वर्षभर सणाचं गोडधोड, तळण त्या घरात करायचं नसतं. ते नात्यातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं. त्यामुळं दिवाळीत हुबळी-धारवाडातून अक्काकडं डब्यांची रीघ लागली होती.

"मग साखर घालून दे," मी म्हटलं.

"चकलीच्या डब्यात मूठभर साखर? एवढी वाईट वेळ आली का माझ्यावर?"

"मग काहीतरी करून घाल."

"तूच म्हणालास ना, वर्षभर काही करायचं नाही म्हणून?"

मी म्हणालो होतो. तेरावं झाल्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्या तोंडानं. 'अक्का, यंदा स्वयंपाकघराकडं बघायचं नाही. आम्ही आहोत.' रीत फक्त सणाच्या गोडाची आणि तळणाची. मी मायेच्या भरात तीत भाजी-भाकरीसुद्धा घातली आणि दुपारचा जेवणाचा डबा आमच्याकडून सुरू केला. जन्मभर मी कचेरीत हुकूम सोडले, कुणी धड पाळले नाहीत. हा एकच पाळला गेला.

"तळ्याच्या रस्त्यावर तीन घरं आहेत तम्मा," अक्का खाली मान घालून म्हणाली. "तिघींचे डबे दिवाळीपासून माझ्याकडं पडलेत. त्या अंगणात उभ्या असतात सकाळी. कुठल्या तोंडानं जाऊ समोरून?"

मला आधी हसू आलं आणि लगेच रडू. गुडघा, वारा, कुत्री! मी थंडीवर उपाय करत बसलो होतो आणि ही माझी बहीण अकरा मोकळ्या डब्यांच्या भीतीनं घरात कोंडून घेऊन बसली होती.

बायकोला फोन लावला. तिनं एका वाक्यात निकाल दिला. "अहो, शेंगाची चटणी काय सण आहे का?"

दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची अर्धी गोणी केलगेरीला पोचली. आता दाणे उन्हात घालायचे तर गच्चीवर जावं लागतं. कावळे-चिमण्या हाकायला तिथंच बसावं लागतं. अक्का तीन तास बसली आणि ऊन डोळ्यावर आलं नाही. मी तोंड उघडणार होतो, बायकोनं कोपर मारलं. मग भाजणं, सालं पाखडणं, लसूण सोलणं. मिक्सरला तिनं हात लावला नाही. उखळात दाणे, तिखट, मीठ, जिरं घालून मुसळानं कुटायला लागली आणि दहा मिनिटांत शाल काढून दोरीवर टाकली. त्या दिवशी तिनं दीड भाकरी खाल्ली. सोबत तिचीच चटणी.

सगळं लगेच सरळ झालं असं नाही. तिसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता ती थांबली आणि ढसाढसा रडली. यजमानांना लसूण जास्त लागायचा. नेहमी त्यांच्यासाठी जास्तीच्या पाकळ्या बाजूला काढायची, आणि त्या काढल्यावर तिच्या लक्षात आलं. मी शेजारी बसून राहिलो. काय बोलावं ते माझ्या फायलीत नव्हतं. नंतर दोन दिवस ती पुन्हा मागच्या खोलीत होती आणि दाणे तसेच पडून राहिले.

मग एका सकाळी मी गेलो तर दाराला कुलूप. शोधत निघालो तर तळ्याच्या रस्त्यावरच्या पहिल्याच घराच्या कट्ट्यावर बाईसाहेब उन्हात पाय सोडून बसलेल्या, कानडी-मराठीत गप्पा रंगलेल्या. मला बघून म्हणाली, "स्कूटर हळू चालव की." त्या आठवड्यात गावातला एकेक डबा असा पायी पोचला. प्रत्येक घरी तासभर. हुबळीच्या बाजारातल्या नात्यातल्यांकडं तर ती बसनं एकटी जाऊन आली. अर्थात चटणीचा डबा मोकळा कोण परत करणार? पंधरा दिवसांत सगळे डबे भरून पुन्हा तिच्या फळीवर. ती कपाळाला हात लावून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिचं हसू मी ऐकलं. तेलाची बाटली मात्र शेवटपर्यंत उघडली नाही. ते तेल अजून मीच वापरतो.

भोगीच्या आदल्या दिवशी भाचा आला. त्याचे डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. अक्कानं त्याच्यापुढं ताट वाढलं, तो खाली मान घालून जेवत राहिला. दुपारी गच्चीवर बसलो असताना मी विषय काढला. आता आई कशी आहे बघ, घर बंद करायचं कारण उरलेलं नाही, वगैरे. माझी बाजू भक्कम होती. फाइलसुद्धा आणली होती.

त्यानं फाइल न उघडताच बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दिसतंय मामा. पण तिथं मला... सकाळी उठवत नाही. काम संपलं की दिवे न लावताच बसतो. बाबा गेल्यापासून असंच आहे. आई आली असती तर..."

आम्ही सगळ्यांनी त्याला तेराव्या दिवशी स्टेशनवर सोडलं होतं आणि आपापल्या कामाला लागलो होतो. एकही डबा पुण्याला गेला नव्हता.

अक्का उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असं सांगायचं की रे मग," ती म्हणाली. "मला न्यायला आलो असं का सांगतोस? मला बोलवायला आलास तू."

संक्रांतीनंतर ती त्याच्याबरोबर गेली. दोन महिन्यांसाठी, आणि परतीचं तिकीट आधीच काढायला लावून. निघताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. "रोज सकाळी येऊन खिडक्या उघड. तासभर ऊन आत येऊ दे," ती म्हणाली. "आणि उघडून लगेच पळू नको. बस जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेलो, सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि तिच्या खुर्चीवर उन्हात बसून मी लहान मुलासारखा रडलो. मग घरी जाऊन बायकोला म्हटलं, उद्यापासून तूही चल.