लाकडात मुरलेला साबण

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोच्या माशांच्या टाकीसाठी दिवाळे गावाच्या खाडीतून वाहून आलेलं लाकूड मी आणलं. उकळलं, रोज पाणी बदलून भिजवलं. तीन आठवडे झाले तरी तपकिरी रंग सुटतोच आहे! शेवटी वैतागून ते कपड्यांच्या पावडरीत बुडवलं, धुतलं आणि टाकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे मेलेले. साबण लाकडात मुरला होता, हे मला तेव्हाच कळलं.

तरी तिच्यावरच ओरडलो, "तूच जास्त खाणं टाकलंस!"

"अहो, चिमूटभरच टाकते मी," ती म्हणाली.

तिने पुन्हा मासे पाळले नाहीत. ती वारेपर्यंत "मासे माझ्यामुळे मेले, मला माफ कर," एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.