उंदराचं साफ फुफ्फुस

उंदरांची फुफ्फुसं तपासताना आपल्यापुढचं फुफ्फुस कोणत्या गटातलं आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेचा नियम. सगळ्या उंदरांना शेपटीतून कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे फक्त माझ्या सहकाऱ्याला ठाऊक. तो एकेक कुपी पुढे सरकवतो, मी फुफ्फुसावरचे काळे ठिपके मोजते. ठिपका दिसला म्हणजे रोग तिथवर पसरला.

त्या दिवशी आधीच्या फुफ्फुसांवर तीळ सांडल्यासारखे ठिपके होते. मग एक आलं, स्वच्छ. मी उलटून पाहिलं, भिंगाखाली धरलं, पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. एखादा तरी ठिपका सापडावा असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. कारण त्याच आठवड्यात लातूरला आईच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठी दिसल्या होत्या. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही सगळे निर्धास्त होतो. आणि इथं हा एवढासा जीव साफ! माझा नुसता जळफळाट झाला.

"किती?" सहकाऱ्यानं विचारलं.

"शून्य," मी म्हणाले. खोटं सांगणं जमलं नाही.

मोजणी संपल्यावर सहकाऱ्यानं गट उघड केले, तेव्हा ते साफ फुफ्फुस औषधाच्या गटातलं निघालं आणि त्या गटात ठिपकेही कमीच होते. औषध लागू पडलं होतं. प्रयोगशाळेत पेढे वाटले. माझ्या वाटणीचे घेऊन मी शनिवारी लातूरची बस धरली.

"कशाचे गं पेढे?" आईनं विचारलं.

"आमच्या औषधानं रोग फुफ्फुसात जाऊ दिला नाही."

"कुणाच्या?"

"उंदराच्या."

आईनं पेढा हातात घेतला. "मला कवा मिळंल ते?"

"माणसांना द्यायला लई वर्षं लागतात, आई." ते रोग पसरायच्या आधीच द्यावं लागतं, हे मी गिळून टाकलं.

"मजा हाय बघ उंदराची. त्येला म्हणावं, जागा बदलतो का?"

"तो न्हाई आता. फुफ्फुस बघायचं तर मारावंच लागतं."

"अन् तू त्येच्यावर जळून राहिली व्हय?"

तिनं माझा चेहरा बरोबर ओळखला होता. ती हसली. हसता हसता तिला खोकला लागला. मी पाणी दिलं, पाठ चोळली, तरी थांबेना. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि हेवा अजून त्या मेलेल्या उंदराचाच वाटत होता.