मधली भिंत आणि आत्याबाई

घर बांधून झालं की थोड्या विटा उरतात म्हणे. आमच्या विटा कमी पडल्या, किस्से तेवढे उरले! आणि तेही सगळे एकाच भिंतीचे. देवासात कोणाकडेही चहाला गेलं, की फर्माईश ठरलेली, "कमलताई, तो ओटल्याचा सांगा ना!" सांगते. पण तुम्हाला आज हसू येतंय, तेव्हा माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

संस्थानं विलीन झाली, आमच्या यांची धारच्या दरबारातली कारकुनी सरकारात गेली आणि बदली झाली देवासला. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. टेकडीच्या बाजूला प्लॉट घेतला, तीन खोल्या काढायचं ठरलं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात भिंत नको. पोळ्या लाटताना मधू दिसला पाहिजे मला." मधू म्हणजे आमचा दोन वर्षांचा उपद्व्याप.

आत्याबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराला दार नसेल, तर त्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही. धारला परत जाईन."

आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. लहान वयात विधवा झाल्या, यांची आई गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. सोवळं कडक. आणि मी शाळेत गेले की स्वयंपाक त्यांचा, मधू त्यांच्याकडे. त्या होत्या म्हणून माझी नोकरी होती. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं!

हे म्हणाले, "बघू."

* * *

सोवळ्याचं तर काय सांगू! आत्याबाई सोवळ्यात असल्या की कोणी शिवायचं नाही. पण नागडं पोर चालतं, असा त्यांचा नियम. त्यामुळे ऐन पौषात मी मधूला झबलं घालायचं आणि त्यांनी ते काठीनं काढायचं! मी एकदा चिडून म्हटलं, "आत्याबाई, पोर गारठेल हो!"

"मग आण इकडे चुलीपाशी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर काढतेय!"

* * *

मी म्हणायची, काळ बदललाय, आता कोण भिंती घालतं? त्यावर त्यांनी मला देवासचाच इतिहास ऐकवला. "तुमच्या या गावात थोरली पाती, धाकटी पाती. एका गावात दोन राजे! का नांदले? मध्ये हद्द होती म्हणून. तू नि मी काय राजांहून शहाण्या?"

मला उत्तर सुचलं तिसऱ्या दिवशी, वर्गात फळा पुसताना: दोघंही गेले की आता! पण तोवर त्या दुसऱ्या भांडणावर पोचल्या होत्या.

* * *

आता ओटल्याचा. उभ्यानं स्वयंपाक ही तेव्हाची नवी टूम. इंदूरला बहिणीकडे पाहिलं आणि माझ्या मनानं घेतलं. एका सकाळी शाळेला पळता पळता नंदराम मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "भिया, एक ओटा बनाना! कमर तक ऊँचा, बढ़िया पत्थर का!"

संध्याकाळी येऊन बघते तो घराच्या तोंडाशी, ऐन रस्त्यावर, कमरेइतका उंच कट्टा! शेजारचे दोन म्हातारे त्यावर चढून बसलेलेही होते आणि उतरायला शिडी मागत होते.

"नंदराम, ये क्या किया?"

"बाईसाब, ओटला तो बाहर ही रेता है!"

माळव्यात ओटला म्हणजे घरापुढची बसायची जागा. जन्म गेला इथे, आणि हे मला त्या वेळी आठवू नये! आत्याबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "घे बाई तुझं उघडं स्वयंपाकघर. आता रस्त्यावरच फोडणी घाल!"

* * *

मग यांनी तोड काढली. भिंत घालायची, पण अर्धी. मलाही दिसेल आणि आत्याबाईंनाही आडोसा.

आत्याबाईंनी यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का रे बाळ्या, सोवळं काय कमरेपर्यंतच असतं?"

बाळ्या, वय वर्षं छत्तीस, म्हणाला, "बघू."

* * *

शेवटी गुरुजींना विचारलं. वास्तुशांत तेच करणार होते. त्यांनी पंचांग बाजूला ठेवलं, दोन लाडू खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि म्हणाले, "उघडं असलं तर पानात काय पडणार ते आधी दिसतं. बंद असलं तर वासानं भूक वाढते. दोन्हीला शास्त्राधार आहे!"

दक्षिणा घेऊन गेले. असला संताप आला मला!

* * *

एका सोमवारी शाळेतून आले तर आत्याबाईंची ट्रंक दारात. कुलूप घातलेली, वर वळकटी. मधू ट्रंकेवर बसून "धाल, धाल" करत होता. धारची मोटार सकाळची, आणि मंगळवारी माझ्या शाळेत तपासणी!

मी काय करणार? रडले, मग तोंड धुतलं आणि नंदरामला बोलावलं. "दीवार उठाओ. पूरी. दरवाजा भी लगाओ."

भिंत उठली. दार लागलं, आतून कडीसकट. आत्याबाई आत, मी बाहेर. यांना चहा हवा असला की हे स्वतःच्या घरात कडी वाजवायचे! महिनाभर मी त्या दाराकडे बघून दात-ओठ खात होते.

* * *

आणि हा शेवटचा.

एका दुपारी माझ्या शाळेतल्या दोघीजणी आल्या होत्या. मी त्यांना तपासणीची गंमत सांगत होते. इन्स्पेक्टरसाहेब पाचवीच्या वर्गात आले, एका मुलीला विचारलं, "नर्मदा कहाँ से निकलती है?" ती म्हणाली, "साब, निकलने का तो मालूम नहीं, कुक्षी में मामा के यहाँ जाते हैं तब मिलती है!" आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, झालं, हसलेलंही खपत नाही!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरभर धूळ. नंदराम मधल्या भिंतीवर घण घालत होता. दार चौकटीसकट अंगणात. आणि आत्याबाई पदर नाकाला लावून त्या धुळीत उभ्या, "और नीचे तक, भिया, और नीचे तक!"

मी ओरडलेच. "आत्याबाई, हे काय? तुम्हालाच हवी होती ना भिंत? महिनाभर छळलंत मला! आणि आता तुमचं सोवळं?"

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.

"धारला चाळीस वर्षं मी दाराआड होते, सूनबाई. बाहेर माणसं हसायची. कशाला हसली, ते मला कोणी कधी आत येऊन सांगितलं नाही." मग पदर सोडून माझ्याकडे बघितलं. "शिवू नका म्हटलं होतं मी. ऐकवू नका असं कधी म्हटलं होतं?"

 नंदरामचा घण थांबला.

आत्याबाईंनी पाट झटकला, भिंत होती तिथे मांडला आणि त्यावर बसल्या.

"हं, सांग. त्या पोरीनं असं काय उत्तर दिलं?"