मापाला माणूस समोर हवा

गल्लीत तिला सगळे मापवाली म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कपडे उसवून लहानमोठे करून देण्याचं तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक मशीन आणि एक स्टूल. कुणी नवऱ्याची पँट घेऊन आलं की ती कात्रीला हातही लावत नसे. जो घालणार तो स्टुलावर उभा राहिला पाहिजे, मगच कापायचं. एकीने वैतागून विचारलं होतं, सासरे अंथरुणाला खिळलेत, खाटेसकट आणू का? मापवाली गळ्यात टेप अडकवून मुकाट तिच्या घरी गेली होती.

अशा बाईने पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं केलं.

पोरीला घरात पिटुकली म्हणत. तेराव्या वर्षीही ती आठ-नऊची दिसे. रक्ताचा आजार जन्मापासूनचा. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागे. तिचा शाळेचा स्कर्ट शिवताना मापवालीने खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, पोर वाढली की सोडायला. गल्लीतल्या इतर पोरींच्या घड्या सोडता सोडता तिची बोटं दुखून यायची. पिटुकलीची घडी तशीच राहिली. स्कर्ट विटला, आतलं कापड कोरंच.

मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सांगितला. पिटुकलीच्याच पेशी काढायच्या, त्यांच्यातल्या जनुकाचा दोष दुरुस्त करायचा आणि त्या परत तिच्या अंगात सोडायच्या. त्याआधी जहाल औषध, केस जाणार, कित्येक आठवडे बंद खोलीत काढायचे, आणि वीस वर्षांनी काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मापवालीने सगळं ऐकून घेण्याआधीच हो म्हटलं. देवाने घडवलेल्यात माणसाने हात घालू नये, असं नणंद म्हणाली, तेव्हा मापवालीने तिला आधी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवायला सांगितलं. नणंद आठवडाभर बोलली नाही. घरात तेवढीच शांतता.

पण पिटुकलीच ‘नाही’ म्हणाली. डॉक्टरीणबाईही ठाम होत्या: मुलगी कळती आहे, तिच्या होकाराशिवाय सुरुवात नाही. मापवाली रागावली, रडली, लाडीगोडी लावून झाली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका दुपारी पोर दुकानात आली आणि सरळ स्टुलावर चढून उभी राहिली.

"आई, तू परक्याची पँटसुद्धा माणूस समोर नसताना कापत नाहीस. मला एकदा तरी विचारलंस?"

मापवालीचे कान लाजेने तापले. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"चुकलं माझं. तू जाशील या भीतीपुढे मला दुसरं काही दिसलंच नाही गं. विचार, काय विचारायचंय ते."

पोरीच्या प्रश्नांची उत्तरं काही आईपाशी नव्हती, म्हणून दोघी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या. मी मीच राहीन का, असं पिटुकलीने विचारलं. राहशील, बाई म्हणाल्या, रक्त तेवढं बदलेल. आणि मला पुढे मुलं झाली तर त्यांचं? त्यांच्यात आम्ही काही बदल करत नाही, बाई म्हणाल्या. जी मुलं अजून जन्मालाच आली नाहीत त्यांना विचारणार कसं, असंही त्याच म्हणाल्या. पिटुकलीला हे पटलं.

"मग माझ्यापुरतं करा. आणि केस जायच्या आधी मीच कापणार."

कापडाच्या कात्रीला केस तर सोडाच, कागदही लावू न देणाऱ्या मापवालीने त्या दिवशी तीच कात्री लेकीच्या हातात दिली.

बंद खोलीतले दिवस फार वाईट गेले. ताप, उलट्या, काचेपलीकडून खुणा. उगाच हो म्हटलं, असंही पोर एकदा म्हणाली, आणि मापवालीचा जीव अर्धा झाला. मग रक्त चढवायची तारीख आली आणि तशीच निघून गेली. पुढचीही गेली. वर्ष उलटलं तरी पिटुकलीला बाहेरचा थेंब लागला नाही. नणंदेने ही बातमी गल्लीभर अशी सांगितली, जणू उपचार तिनेच सुचवला होता.

शाळा उघडायच्या आधी पोर स्टुलावर चढली. स्कर्ट गुडघ्यांच्या बराच वर गेला होता. मापवालीने घडी उसवली आणि इतकी वर्षं जपलेलं चार बोटं कोरं कापड खाली सोडलं. तरी स्कर्ट तोकडाच! तिने पुन्हा टेप लावून पाहिली आणि हसता हसता अशी रडू लागली की जिन्यावरून जाणारे थबकले.

"हा आता पुरत नाही तुला," ती म्हणाली. "नवाच शिवायला हवा. सरळ उभी राहा, माप घेते."