छत्री, सफरचंद आणि टोकन नंबर

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

टाउनशिपच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती वाढवायचं शिबिर होतं. तिथल्या मॅडमनी माझ्या रिटायर्ड फोरमन नवऱ्याला छत्री, सफरचंद अशी दहा चित्रं दाखवली आणि बहिऱ्याशी बोलावं तशा ओरडल्या, “अंकल, याद करके बताइए!” यांना चारच आठवली. आमचे चिरंजीव हसले, “बाबा गेले आता कामातून.”

बाहेर यांना कारखान्यातले एक जुने सहकारी भेटले. यांनी त्यांना नावाऐवजी टोकन नंबरानेच, म्हणजे कारखान्यातल्या हजेरीच्या नंबरानेच, हाक मारली. मग दोघांनी मिळून अख्ख्या शिफ्टचे नंबर नावांसकट घडाघडा म्हटले. चिरंजीवांना स्वतःच्या बायकोचा मोबाईल नंबर पाठ नाही!

छत्री-सफरचंद घोकायला लावणाऱ्यांनो, आपल्या बाबांना त्यांना येतं असं काही शेवटचं कधी विचारलंत?