हाकाला ओ

रावीनियाबाई शाळेची बस चालवायच्या. आता निवृत्त आहेत, पण न्यूझीलंडमधल्या आमच्या तोकोमारू गावच्या रग्बी संघाला हाका, म्हणजे सामन्याआधीचा माओरी नाच, अजून त्याच शिकवतात. "मांड्या थोपटणं, डोळे वटारणं कुणालाही येतं. आपण समोरच्याला हाक मारतो, त्यानं ओ द्यायला हवी," असं त्या म्हणतात. संघाचा हाका त्यांच्या आईनं रचलेला. त्यात आमच्या डोंगराचं नाव आहे.

शनिवारी शहरातला संघ खेळायला आला. त्यात बाईंचा भाचा पितामा होता. त्याला त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, "हरा, जिंका, पण ओ द्या."

आमच्या पोरांनी जीव तोडून हाका केला. समोरचे मात्र एकमेकांकडे चेंडू फेकत राहिले. पितामाही त्यांच्यातच. नजर गवतावर.

"अंग गरम करत असतील," मी म्हणाले.

"माझ्या आईच्या तोंडावर?"

आम्ही जिंकलो. कप्तान धावत आला. "बाई, जिंकलो!"

"कुणाशी? भिंतीशीच ना?"

पण पाहुण्यांना उपाशी कसं धाडायचं? भट्टीतलं डुकराचं मटण, रताळी, सगळं निघालं. जेवणाआधीची प्रार्थना बाईंनीच म्हटली. आमेन मात्र दात आवळूनच आलं. देवाला कळलं असेल.

पितामा ताट घेऊन क्लबच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींकडे आला. "आत्या, कोच म्हणाले, तिकडे बघायचंच नाही. अंग गार पडतं."

"अंग नाही रे, तोंड गार पडलं तुझं."

त्यानं ताट ठेवलं, पाय फाकवले, मांडीवर थाप मारली. "घे, आता देतो ओ."

"थांब! शिजलेल्या अन्नासमोर हाका? एवढंही विसरलास?"

"मग बाहेर चल."

"मी एकटी येऊन काय करू? हाक संघानं मारली होती, मैदानात. तुझा संघ तिकडे हॉलमध्ये पुडिंग खातोय."

"पुढच्या वर्षी नक्की, आत्या."

"पुढच्या वर्षी कोच बदलेल, की तू?"

बाईंनी त्याच्या ताटात मटणाचा आणखी एक मोठा तुकडा वाढला.

"खा. पाहुणा आहेस तू."

सख्ख्या भाच्याला कुणी असं म्हटलेलं मी या गावात कधी ऐकलं नव्हतं. तो ताट उचलून हॉलमध्ये त्याच्या संघात जाऊन बसला. बाई नळ सोडून भांडी घासू लागल्या, इतक्या जोरात की मला त्यांच्या हातून कढई काढून घ्यावी लागली.